पहिलें व्हायोलिन घेतांना

साधनाच्या दोषाचें खापर साधकाच्या माथीं फोडण्याची खोड आपल्या घरांतून फार जुनी आहे. लेखणी नीट उतरत नसली कीं अक्षर वाईट म्हणून मूल मार खातें. जोड्याचा खिळा टोंचत असला कीं चालण्याचा कंटाळा म्हणून तेंच मूल बोलणीं खातें. आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, तेव्हां या पापांत आमचा वांटा थोडाथोडका नाहीं. परंतु आज जी चूक सांगावयाची आहे ती शाळेंतली नव्हे, घरांतली आहे. ती सांगितल्यानें दुसऱ्या एखाद्या घरांतील मूल वांचेल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गेल्या भाद्रपदांतली गोष्ट. गणपतीचें विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. रात्रीं सारी मंडळी पंगतीस बसली असतां आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, “आजोबा, मला व्हायोलिन शिकायचंय.” उत्सवांत कोणा वादकाचा कार्यक्रम तिनें पुढच्या ओळींत बसून ऐकला होता. त्यावर तिचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव, पानांतून मान वर न करतां हंसत म्हणाले, “आपल्या घराण्यांत सूर नाहीं ग बाळ. मला नव्हता, मग तुला कोठून येणार?”

सारी पंगत हंसली. आमच्या घशाखालीं मात्र घांस उतरेना; कारण तें वाक्य मुळांत आमचें होतें.

१९९५ सालीं, आमचे हे चिरंजीव अकरा वर्षांचे असतांना, त्यांनींही असाच हट्ट धरला होता. आम्ही शहरांतील एका दुकानांत गेलों आणि मांडलेल्या वाद्यांपैकीं जें सर्वांत स्वस्त व सर्वांत चकचकीत होतें तें उचलून आणलें. शिकविणारे गुरुजी दुसऱ्याच आठवड्यांत सौम्यपणें म्हणाले, “जमल्यास वाद्य बदलून पाहा.” यांत यांची कांहीं दलाली असावी, असें आमच्या मनांत आलें! मुलानें आठ महिने नेटानें मेहनत केली. बोटांना घट्टे पडले, घरांतल्या माणसांनीं कानांवर हात ठेवले, आणि एके सायंकाळीं आम्हीं निकाल देऊन टाकला: “तुला सूरच नाहीं. पुरे कर आतां.” त्यानें वाद्य पेटींत ठेवलें तें कायमचें.

पुढें २००३ सालीं तें व्हायोलिन विकून टाकावें म्हणून पुण्यांतील एका वृद्ध कारागिराकडे नेलें. त्यानें तारांखालीं पट्टी धरली, एक डोळा मिटून मानेकडे पाहिलें आणि म्हणाला, “मास्तर, यावर कोणालाच सुरांत वाजवतां आलं नसतं.” मान वांकडी बसविलेली, घोडी भलतीच उंच, खुंट्या क्षणभरही न टिकणाऱ्या! आम्ही घरीं आलों आणि ही गोष्ट कोणासही सांगितली नाहीं. अज्ञानानें घडलेला दोष एक वेळ क्षम्य ठरेल. जाणून धरलेलें हें मौन मात्र क्षम्य नव्हे.

तेव्हां या खेपेस सर्व गोष्टी नीट समजून घेऊनच पाऊल टाकावयाचें, असें ठरविलें. जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं, आधीं गुरु पाहावा आणि मग दुकान. व्हायोलिन हें वाद्य युरोपांतून आलें; दक्षिणेंत मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधु बालुस्वामी दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें कर्नाटक संगीतांत रुजविलें. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींतील चर्चच्या शाळांतून तें मुलांना शिकवीत; तेथूनच पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतास वादक मिळाले. संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरु अँथनी गोन्साल्व्हिस हे गोव्याचेच. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, १९२२ सालीं जन्मलेले पंडित विष्णु गोविंद जोग, पंडित दामोदर केशव दातार आणि विदुषी एन्. राजम् यांनीं हिंदुस्थानी रागदारींत या वाद्याची प्रतिष्ठा वाढविली. वाद्य एकच असलें तरी वाजविण्याच्या पद्धति भिन्न आहेत. पाश्चात्त्य पद्धतींत वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून तें हनुवटी व खांदा यांच्यामध्यें धरतो. आपल्याकडे मांडी घालून बसतात आणि वाद्याचें टोंक उजव्या पायाच्या घोट्यापाशीं टेकवितात. पाश्चात्त्य मिळणी ठराविक स्वरांची. आपल्याकडे अनेक वादक प-सा-प-सां अशी, आपापल्या षड्जास धरून, मिळणी करतात. त्यामुळें तारा कोणत्या घ्याव्यात, खांद्याची गादी हवी कीं नको, हें गुरूला विचारल्यावांचून ठरत नाहीं. दुकानदारास हें विचारणें म्हणजे कापडवाल्यास लग्नाचा मुहूर्त विचारण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्या घरांतून मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवण्याची रीत आहे. व्हायोलिनाच्या बाबतींत ही काटकसर घातक होय. पूर्ण मापाच्या व्हायोलिनाचें पोट, म्हणजे मान सोडून उरलेलें अंग, सुमारें चौदा इंच लांब असतें. त्याखालीं पाऊण, अर्धें, पाव अशीं मापें येतात. हे अपूर्णांक गणितांतल्यासारखे समजूं नयेत. पाऊण मापाचें पोट सुमारें तेरा इंच, अर्ध्याचें सुमारें बारा आणि पावाचें सुमारें अकरा इंच भरतें. परीक्षा सोपी आहे. वाद्य हनुवटीखालीं धरून मुलानें डावा हात पुढें लांब करावा. वाद्याचें वळलेलें टोंक तळहाताच्या मध्यापाशीं यावें व बोटें त्याभोंवतीं सहज वळावींत. हात ताणावा लागत असेल तर तें वाद्य मोठें झालें. मोठ्या वाद्यावर लहान बोटें स्वराच्या जागेपर्यंत पोहोंचत नाहींत. सूर उतरा लागतो आणि आम्हांसारखे शहाणे म्हणतात, मुलाला कान नाहीं!

तिसरी गोष्ट नांवाची. आणि येथें आमच्या घरीं एक प्रहसनच घडलें. व्हायोलिनाची चर्चा चालली असतां आमच्या थोरल्या वहिनींनीं माळ्यावरून त्यांच्या वडिलांचें एक जुनें व्हायोलिन खालीं काढविलें. पोटाच्या फटींतून विजेरीचा उजेड टाकला तों आंत पिवळ्या कागदावर लॅटिन अक्षरें: ‘अन्तोनिउस स्ट्राडिव्हारिउस’, क्रेमोना गांवचा, आणि पुढें ‘फाचिएबात’, म्हणजे ‘करीत होता’, आपल्या व्याकरणांतील लङ् लकाराचें ‘अकरोत्’ म्हणा ना! पुतण्याच्या मुलानें भ्रमणध्वनीवर शोध केला आणि मोठ्यानें वाचून दाखविलें कीं, याच स्ट्राडिव्हारीचें १७२१ सालचें ‘लेडी ब्लंट’ नांवाचें व्हायोलिन २०११ सालीं सुमारें एक कोटि एकोणसाठ लक्ष डॉलरला विकलें गेलें. त्या रात्रीं घरांत कोणास झोंप नाहीं! कोणी घराचें छप्पर दुरुस्त केलें, कोणी मुलीला परदेशीं शिकावयास धाडलें, सारें अंथरुणावर पडल्यापडल्याच.

सकाळीं भिंग घेऊन पुन्हां पाहिलें तों त्याच कागदाच्या तळाशीं बारीक इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ असें छापलेलें. क्रेमोना इटलींत, आणि स्ट्राडिव्हारी १७३७ सालींच निवर्तला! उलगडा असा कीं, एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील मार्कनॉयकिर्शन, फ्रान्समधील मिरकूर अशा गांवीं व्हायोलिनें हजारोंनीं बनूं लागलीं. एक घर माना कोरी, दुसरें पोटें घडवी, तिसरें रोगण देई. ज्या नमुन्यावर वाद्य बेतलें त्या कारागिराचें नांव आंत चिकटविण्याची तेव्हां रूढि होती. अमेरिकेंत १८९० सालीं झालेल्या जकातीच्या कायद्यानें आयात मालावर देशाचें नांव घालणें आवश्यक झालें, तेव्हांपासून अशा कागदांवर देशही दिसूं लागला. खुद्द स्ट्राडिव्हारीच्या हातचीं सुमारें साडेसहाशें वाद्यें आज जगांत उरलीं आहेत आणि त्यांची नोंद जाणत्यांपाशीं आहे. माळ्यावरचा कागद हा पुरावा नव्हे.

शिवाय नांवानें स्वर गोड होतो हेंही खरें नाहीं. २०१० सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें एकवीस वादकांना, त्यांना ओळखूं येऊं नये अशी तजवीज करून, नवीं व जुनीं इटालियन व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. २०१२ सालीं पॅरिसजवळ असाच प्रयोग दहा नामांकित वादकांवर झाला. दोन्हीं वेळां नवीं वाद्यें कमी ठरलीं नाहींत. पॅरिसच्या प्रयोगांत तर दहापैकीं सहांनीं नवेंच वाद्य पसंत केलें. तीच गोष्ट देशाच्या नांवाची. आज विद्यार्थ्यांचीं बहुतेक व्हायोलिनें चीन देशांत होतात. तेथें अगदीं टाकाऊ वाद्येंही होतात आणि चांगलींही होतात. म्हणून ‘चिनी’ हा शब्द ऐकून नाक मुरडूं नये, आणि ‘जर्मन नमुना’ ऐकून भाळूंही नये.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष परीक्षेची. वाद्याचें वरचें पान स्प्रूस नांवाच्या मऊ, सरळ रेषांच्या लांकडाचें, आणि पाठ, बाजू व मान मेपलच्या कठीण लांकडाची असावी. बोटांखालची काळी पट्टी आबनुसाची उत्तम. स्वस्त वाद्यांत ती साध्या लांकडास काळा रंग देऊन केलेली असते, आणि थोड्याच दिवसांत तारांखालीं पांढरे चरे दिसूं लागतात. पट्टीच्या टोंकाकडून डोळा लावून पाहावें; ती लांबीच्या दिशेनें किंचित् खोलगट असावी, कोठेंही उंचवटा नसावा. कडेनें जी काळी दुहेरी रेघ दिसते ती लांकडांत बसविलेली असावी, नुसती रंगविलेली नसावी. कडेची चीर ती आंत पसरूं देत नाहीं. चकाकीवर मात्र जाऊं नये. जाड, कांचेसारखें रोगण लांकडाचा कंप दाबून टाकतें.

मग घोडी पाहावी. तिचे दोन्ही पाय पोटाच्या फुगवट्यास इतके बिलगलेले असावेत कीं खालून कागद जाऊं नये. पट्टीच्या शेवटीं, घोडीच्या बाजूस, बारीक तार सुमारें तीन मिलिमीटर आणि जाड तार सुमारें पांच मिलिमीटर उंच असावी. वरच्या टोंकाशीं तारा पट्टीच्या इतक्या जवळ असाव्यात कीं खालून एक जाड कार्ड तेवढें सरकावें. तारा याहून फार उंच असल्या कीं दाबतांना बोटें दुखतात आणि तार ताणली जाऊन सूर चढतो. आमच्या मुलाच्या घट्ट्यांचें रहस्य हेंच होतें.

खुंट्या सहज फिराव्यात आणि जेथें सोडाल तेथें थांबाव्यात. पोटाच्या आंत, घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित् मागें, एक लहानशी उभी दांडी असते. फ्रेंच लोक तिला त्यांच्या भाषेंत ‘आत्मा’ म्हणतात, आणि तें यथार्थ आहे. ती कोठेंही चिकटविलेली नसते, केवळ दाबानें उभी असते, बाहेरून सहसा दिसत नाहीं, आणि ती नसली तर उरतो तो नुसता देह! फटींतून डोकावून ती उभी आहे ना, हें पाहावें. सर्व तारा एकदम सैल केल्यास ती पडण्याचा संभव असतो. म्हणून तारा बदलतांना एकेकच बदलावी.

पांचवी गोष्ट गजाची, आणि तिच्याकडे बहुतेक पालकांचें लक्षच नसतें. अर्धें वादन गजांत आहे. गजाची काडी डोळ्यासमोर धरून पाहावी. ती डावी-उजवीकडे वांकलेली नसावी. केस ताणले असतांही काडीची आंतली कमान कायम राहावी आणि मध्यें पेन्सिलीएवढें अंतर असावें. उत्तम गज ब्राझीलमधील पेर्नांबुको लांकडाचे करतात. परंतु तें झाड दुर्मिळ झाल्यामुळें २००७ सालापासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि नवशिक्यास त्याची गरजही नाहीं. कार्बनी धाग्यांचा किंवा कांचतंतूंचा साधा गज पुरतो, आणि पावसाळ्यांत वांकत नाहीं. केसांना राळ लावल्यावांचून तार बोलत नाहीं. नव्या गजावर राळ नसल्यामुळें वाद्य मुकें राहिलें, आणि तें बिघडलें म्हणून परत केलें, असेंही आमच्या ओळखींत घडलें आहे! वाजविणें संपलें कीं गज सैल करावा.

आतां पैशाविषयीं. बाजारांत तीन-चार हजार रुपयांतही पेटी, गज व राळेसकट व्हायोलिन मिळतें, आणि संसारी माणसाचा हात तिकडेच वळतो. आमचा अनुभव असा कीं, जो पैसा असेल त्यांतला चौथा हिस्सा तरी गज, तारा व घोडीची बैठक यांसाठीं आधींच बाजूस काढावा. साधें वाद्य नीट बसवून घेतलें तर वाजतें. भारी वाद्य तसेंच ठेवलें तर वाजत नाहीं. दुसरी युक्ति गुरुजींनींच सुचविली. लहान मापाचीं वाद्यें मुलें दोन-तीन वर्षांत मागें टाकतात, म्हणून गुरूच्या मोठ्या शिष्यांकडे अशीं वाद्यें पडलेलीं असतात. आम्हांस एका शिष्येचें अर्ध्या मापाचें व्हायोलिन सहा हजारांस मिळालें. गजास दोन हजार, तारांस दीड हजार आणि नवी घोडी बसविण्यास एक हजार, असे एकंदर साडेदहा हजार रुपये लागले. नात मोठी झाली कीं तें असेंच दुसऱ्या मुलाकडे जाईल. वहिनींचें ‘स्ट्राडिव्हारी’ मात्र पूर्ण मापाचें असल्यामुळें दुरुस्त करून ठेवलें आहे; नातीच्या हाताची लांबी वाढण्याची तें वाट पाहत आहे.

वाद्य घेतल्यावर तें सांभाळावेंही लागतें. आपल्या पावसाळ्यांत खुंट्या फुगून अडकतात आणि थंडींत आक्रसून निसटतात. निसटणाऱ्या खुंटीस खडूची किंचित् पूड, आणि अडकणाऱ्या खुंटीस कोरड्या साबणाचा हात, हा जुना उपाय आहे. खडूशीं आमचा आयुष्यभराचा स्नेह, तेव्हां हें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें आहे. कडेचा सांधा कधीं उघडला तर घाबरूं नये. तो सांधा मुद्दाम हलक्या सरसानें जोडलेला असतो, म्हणजे लांकूड आखडलें तर सांधा सुटावा, पान चिरूं नये. तो कारागिराकडूनच जोडून घ्यावा. घरांतला सुतारी डिंक कदापि लावूं नये, कारण मग पुढच्या वेळीं लांकूडच फुटतें. उन्हांत, बंद मोटारींत किंवा चुलीजवळ वाद्य ठेवूं नये. वाजवून झाल्यावर तारांवरील व पोटावरील राळेची भुकटी मऊ फडक्यानें पुसावी.

हें सारें झालें आणि विजयादशमीस वाद्य घरीं आलें. नातीच्या हातीं देण्यापूर्वीं आम्हीं चिरंजीवांस माडीवर बोलाविलें आणि २००३ सालीं कारागिरानें सांगितलेली गोष्ट शब्दशः सांगितली. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग एवढेंच म्हणाले, “अण्णा, हें तेव्हांच सांगायला हवं होतं.” यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं. सदुसष्टाव्या वर्षीं मुलापुढें मान खालीं घालावी लागली, आणि ती योग्यच होती.

नात आतां शनिवारीं शिकावयास जाते. तिला नेण्याआणण्याचें काम वडिलांनीं आपण होऊन घेतलें आहे. वाजविणें अजून कर्कशच आहे. पहिलें वर्ष कर्कशपणाचेंच असतें असें गुरुजी म्हणतात, आणि वहिनी जपाची माळ घेऊन मागल्या सोप्यांत जातात. परंतु गेल्या महिन्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानीं आली. मुलगी बसण्यापूर्वीं तारा मिळविण्यास भ्रमणध्वनीवरचें यंत्र लावीत असतांना, जेवणघरांतून तिच्या वडिलांचा आवाज येतो, “तिसरी तार उतरली आहे ग.” मुलगी यंत्राकडे पाहते, आणि यंत्रही तेंच सांगतें.

ज्या मुलास सूर नाहीं म्हणून आम्हीं तीस वर्षांपूर्वीं निकाल दिला, तोच हा मुलगा. तरी वाचकांस एवढीच विनंति कीं, आपल्या घरांतील मुलाचा निकाल लावण्यापूर्वीं त्याच्या हातांतील वाद्य एकदां जाणत्याकडून पाहून घ्यावें. वाद्य बदलतां येतें, दुरुस्त करतां येतें. मुलाच्या मनांत एकदां बसलेलें वाक्य उपटून काढावयास कारागीर मिळत नाहीं.